हिरणीचं ठाण

माझं गाव उमरग्यापासून दोन कोसांवर, कानडी मुलखाच्या अंगाला. आई घरात कानडी बोलायची, बाप मराठी, पण बैलांशी दोघंबी कानडीच बोलायचे, त्यामुळं लहानपणी मला वाटायचं, बैलांची भाषाच कानडी असती. नाव मल्लिकार्जुन, सगळे मलप्पा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं गेलं. तुम्ही हे लिहून घेताय तर आधीच सांगतो, जसं बोलतो तसंच लिहा, माझी बाजू सावरू नका. साठ वर्षं मीच ती सावरत आलो.

निजामाचं राज होतं तेव्हाची गोष्ट. बाप गेला, शेत चुलत्यांच्या ताब्यात गेलं, माझ्या वाटणीला एक गाडी आन् एक बैलजोडी आली. आई आन् बायको, पार्वती तिचं नाव, दोघींना गाडीत बसवलं आन् उमरग्याला आलो. अडतीचा माल वाहायचा, ज्वारी, तूर, करडी, मुरूमला न्यायचा, कधी नळदुर्गाला. राहायला खोली पायजे, आन् खोलीपेक्षा जास्त गाडी लावायला जागा पायजे. माणूस कुठंबी निजतो, गाडी निजत न्हाय.

सडकेच्या कडंला एक आवार होतं, भोवती भिंत, मोठा दोन फळ्यांचा दरवाजा, आत भाड्याच्या सहा खोल्या, मधी आड, त्याच्याभोवती माणसं फिरतील एवढीच जागा. दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक छप्पर, खाली एकच गाडी बसंल एवढी जागा. जनावर बांधायच्या, गाडी लावायच्या जागेला आमच्याकडं ठाण म्हणतात. आवाराचे मालक थोरले अप्पा, आमच्याच लिंगायत समाजाचे. ते त्या छपराखाली उभं राहून मला म्हणाले, मलप्पा, खोली घे, पण गाडी बाहेर चिंचेखाली लावायची, हे ठाण टांग्याचं हाय, चांदभाईला शब्द दिलाय. मी व्हय म्हणालो. तिथं आमी दोघंच होतो, अप्पा आन् मी. हे ध्यानात ठेवा.

चांदभाई म्हणजे टांगेवाला. शेजारची खोली त्याची. बायको हजराभाभी, चार वर्षांची पोर मुन्नी, आन् हिरणी नावाची घोडी. त्या घोडीचं काय सांगू तुम्हाला, बदामी रंग, कपाळावर पांढरा टिळा, दरवाजातून आत आली की कुणी लगाम न धरता डाव्या हाताला वळायची आन् ठाणावर जाऊन उभी राहायची. मुन्नी तिच्या पोटाखालून इकडून तिकडं पळायची, घोडी पाय हलवायची न्हाय. माझ्या आईला ताप भरला तेव्हा चांदभाईनंच तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं, दोन हातांवर उचलून आत नेलं. आई तेव्हापासून त्याला मगा म्हणायची, कानडीत मगा म्हणजे लेक.

एका पावसाळ्यात माझी भरलेली गाडी चिंचेखाली भिजली, ज्वारीला मोड आले. अडत्या चार माणसांत लई वाईट बोलला. चांदभाईनं ते ऐकलं. त्याच आठवड्यात हजराभाभीचा बाप आजारी म्हणून ती सगळी गुलबर्ग्याकडं निघाली, टांगा घेऊनच निघाली. जाताना तो म्हणाला, मलप्पा, गाडी आत लाव रे, ठाण काय माझ्या बापाचं हाय? हसत म्हणाला तो. मी गाडी आत लावली. आन् तिथंच सगळं बिघडलं.

दोन महिने गेले. छपराखाली गाडी कोरडी, बैल कोरडे, कडबा कोरडा. एवढं सुख एकदा लागलं की ते सोडवत न्हाय. त्यात थोरले अप्पा वारले. चांदभाई परत आला तेव्हा हिरणी सवयीनं डावीकडं वळली आन् माझ्या गाडीला तोंड लावून उभी राहिली. म्या म्हणालो, आजच्या दिवस बाहेर लाव, माल भरलाय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, बैलाचा खूर दुखतोय. तिसऱ्या दिवशी काय म्हणालो ते आठवत न्हाय, पण कायतरी म्हणालो.

पैल्यांदा तो चेष्टेवर न्यायचा. क्या रे मलप्पा, तेरा गाडा है कि मारुती का मंदिर, एक बार बैठा तो हिलताच नै. मी म्हणायचो, मंदिर तर मंदिर, तू नारळ फोड. मग चेष्टा आटली. हजराभाभी आडावर पार्वतीला म्हणाली, तुमचे बैल काय नवरदेव हायत का, मांडव सोडत न्हायत ते? पार्वतीबी कमी न्हाय, ती म्हणाली, तुमची घोडी तरी कुठली नवरी लागून गेली? सगळ्या बाया हसल्या. एक दिवस त्यानं माझी गाडी स्वतः ढकलून बाहेर काढली, म्या परत आत आणली आन् साखळीनं चाक खांबाला बांधलं. मुरूमला जायला बैल भाड्याच्या गाडीला जुंपायचे, पण माझी गाडी तिथून हलवायची न्हाय, एवढ्यावर मी आलो होतो. स्वतःची गाडी असताना दुसऱ्याची हाकायची! बघा, माणूस किती येडा होतो.

शेवटी तो मालकाकडं गेला. आता मालक म्हणजे थोरल्या अप्पांचा लेक, त्याला यातलं काय ठाऊक न्हाय. तो म्हणाला, अप्पांनी शब्द कुणाला दिला, साक्षीदार कोण? चांदभाई म्हणाला, अप्पांनी मला दिला. मी म्हणालो, मला दिला, गाडीला ठाण हाय म्हणूनच म्या खोली घेतली. आन् वर म्हणालो, चांदभाई स्वतःच म्हणाला होता, ठाण काय माझ्या बापाचं हाय? विचारा त्याला, म्हणाला का न्हाय. चांदभाई माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, व्हय, म्हणालो होतो.

मालक म्हणाला, मग शपथेवर सोडवू. सोमवारी सकाळी सगळे भाडेकरू आवारात जमले. शपथ म्हणजे आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आन् बोलायचं. त्या लिंगावर खोटं बोललेला माणूस म्या तोवर ऐकला नव्हता. आई दारात उभी होती. हळूच म्हणाली, ब्याड मगा, नको रे लेकरा. कारण तिला ठाऊक होतं, खोली घेतली त्या दिवशी म्याच तिला येऊन सांगितलं होतं की गाडी बाहेर लावावी लागंल. म्या लिंग हातावर घेतलं आन् म्हणालो, थोरल्या अप्पांनी हे ठाण मला दिलं. मग लिंग परत गळ्यात सोडलं.

मग मालक चांदभाईला म्हणाला, तू कुराण उचल. चांदभाईनं हात मागं घेतले. म्हणाला, एका घोडीच्या जागेसाठी कुराण उचलू? नक्को. अल्लाला सगळं ठाऊक हाय, आन् मलप्पालाबी ठाऊक हाय, बस झालं. लोकांना वाटलं, उचलत न्हाय म्हणजे हाच खोटा. मालकाला तेच वाटलं. खऱ्यानं नको म्हणलं, खोट्यानं व्हय म्हणलं, आन् ठाण खोट्याला मिळालं.

त्या दिवसापासून टांगा बाहेर चिंचेखाली. आई माझ्या हातचं पाणी पीत न्हवती. रोज सकाळी कमरेवर हात ठेवून हळूहळू बाहेर जायची आन् घोडीला बादली दाखवायची.

पुढच्या वर्षी दिवस वाईट आले. गावागावांत भांडणं, जाळपोळ, अफवा. कुणी रात्रीत सोलापूरकडं निघून जायचं, कुणी तिकडून यायचं. रस्त्यावर उभं असलेलं वाहन दिसलं की कुणीबी घेऊन जायचं. ज्याच्या हातात बंदूक त्याची गाडी. गावात सगळ्यांनी गाड्या आत घेतल्या. भादव्यात ऐकू आलं की सोलापूरच्या अंगानं हिंदुस्थानचं लष्कर येतंय. चांदभाई माझ्या दारात आला. वर्षभर बोलणं न्हवतं. म्हणाला, मलप्पा, चार दिवस टांगा आत घेऊ दे. तुझ्या गाडीला टेकून उभा करतो, दांड्या वर करतो, तुला अडचण न्हाय. मी म्हणालो, मालकाला विचार. मालक तेव्हा घर बंद करून बायकापोरांना घेऊन गेला होता, हे आमा दोघांनाबी ठाऊक होतं. चांदभाई अच्छा म्हणाला आन् गेला.

दोन दिवसांनी, सकाळचं ऊन चढलं होतं. मोठा दरवाजा आतून लावलेला. बाहेर हिरणी खिंकाळली. चांदभाई जेवत होता, तसाच उठला, दरवाजातल्या लहान दारातून बाहेर गेला. हजराभाभी मागं खोलीत पोरीचं आवरत होती. मी दरवाजाच्या फटीला डोळा लावला. सहा-सात माणसं होती, खांद्याला बंदुका. कोण होते ते मी सांगणार न्हाय, कारण मला ठाऊकच न्हाय. पळत होते एवढं खरं. त्यांना टांगा पायजे होता. चांदभाई म्हणाला, टांगा न्या, घोडी सोडा. ते म्हणाले, तूच हाक. त्यानं हात जोडले, म्हणाला, लहान पोर हाय. एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत घातला. तो चढला, लगाम धरला. आन् मग त्यानं दरवाजाकडं बघितलं. फटीत डोळा कुणाचा हाय, हे त्याला कसं कळलं, देव जाणे. म्हणाला, मलप्पा, हजराला सांग, सांजच्याला येतो.

एवढंच. टांगा गुलबर्ग्याच्या वाटंला लागला.

मी सांगितलं न्हाय. आता तुम्ही विचाराल, का न्हाय? सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुम्ही बघत होता तर दार का न्हाय उघडलं? टांगा बाहेर का होता? एका शपथेखाली सगळंच अडकलं होतं, एक धागा ओढला असता तर सगळं उसवलं असतं. भाभी बाहेर आली, टांगा न्हाय, नवरा न्हाय, ताटात अर्धी भाकर. आवारात सगळ्यांना विचारत फिरली. म्या न्हाय म्हणून मान हलवली.

संध्याकाळ गेली. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर चाकांचा आवाज आला, सगळे दार उघडायला धावले. हिरणी होती. एकटी. टांग्याची एक दांडी मोडलेली, लगाम जमिनीवर घासत होता. दरवाजा उघडल्याबरोबर ती आत आली, डाव्या हाताला वळली, वर्ष झालं तरी विसरली न्हवती, आन् माझ्या गाडीला छाती लावून उभी राहिली. पुढं जायला जागा न्हवती, तरी पुढंच ढकलत होती. मुन्नी अब्बा अब्बा करत आली आन् टांग्यात चढून बसली. भाभी टांग्याच्या भोवती फिरत होती, पुढून बघ, मागून बघ, जसा काय तो कुठंतरी लपलाय.

म्या साखळी सोडली, गाडी बाहेर ओढली. हिरणी ठाणावर उभी राहिली. आई माझ्याजवळ आली, म्हणाली, आता दिलीस व्हय जागा?

चांदभाई परत आला न्हाय. काय झालं, कुठं झालं, कुणालाच कळलं न्हाय. लष्कर आलं, राज गेलं, लोकांनी पेढे वाटले, आन् आवारात बोलणं सुरू झालं की टांगेवाला त्या बंदूकवाल्यांचाच माणूस होता, स्वतःच्या पायांनी गेला, बायकोलाबी सांगितलं न्हाय. माझ्यासमोर बोलले, मी विडी ओढत ऐकलं. महिनाभरानं भाभीचा भाऊ न्यायला आला. टांगा दुरुस्त करून त्यातच सामान भरलं. निघताना ती माझ्या दारात थांबली. डोळ्यांत पाणी न्हवतं, आटलं होतं. म्हणाली, मलप्पाभाई, लोक काय बोलतात त्याचं मला काय न्हाय. पण जाताना माझ्यासाठी कायतरी बोलले असतील का हो? एक शब्द?

म्या म्हणालो, न्हाय भाभी. म्या काय बघितलं न्हाय.

त्यानंतर पस्तीस वर्षं गाडी हाकली, पण त्या ठाणावर लावली न्हाय. पाऊस पडला की गाडी भिजायची, मी खोलीतून बघत बसायचो. आई गेली तेव्हाबी माझ्या हातचं पाणी तिनं तोंडात घेतलं न्हाय, पार्वतीनं पाजलं. पार्वतीला म्या सगळं सांगितलं होतं, तीबी आता न्हाय.

आज त्या आवाराच्या जागी तीन मजली इमारत हाय, भाड्याचे फ्लॅट. नातवानं त्यातलाच एक घेतला, त्या जागेवर काय घडलं ते त्याला काय ठाऊक. खाली गाड्या लावायला पांढरे पट्टे मारलेत. गेल्या महिन्यात त्याचं आन् वरच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्याचं भांडण लागलं, पट्टा कुणाचा यावरून. नातू वर आला आन् म्हणाला, आजोबा, तुम्ही इथले जुने, खाली चला आन् मालकाला सांगा की ही जागा आधीपासून आपली हाय. तुमचा शब्द कुणी मोडणार न्हाय.

मी काठी घेऊन खाली गेलो. दरवाजातून आत येताना डाव्या हाताला, तीच जागा. सगळे गोळा झालेले, मालक, रिक्षावाला, त्याची बायको. म्या सांगितलं, ही जागा आपली न्हाय रे. ही चांदभाईची हाय. म्या खोटी शपथ घेऊन घेतली होती. नातू लाजला, मालकाला म्हणाला, म्हातारपणानं होतं असं, चला आजोबा वर. पण रिक्षावाला हलला न्हाय. तो म्हणाला, बाबा, कोण चांदभाई? साठ वर्षांत पैल्यांदा कुणीतरी विचारलं. म्या तिथंच पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं, तुम्हाला आता सांगितलं तसं. रिक्षा त्याच जागेवर लागती आता. रोज सकाळी खिडकीतून बघतो, देव त्या रिक्षाला सुखरूप घरी आणो.

हजराभाभी आता नसंल. मुन्नी असंल, असली तर सत्तरीला आली असंल, कुठंतरी गुलबर्ग्याकडं. हे छापून आलं आन् तिच्या घरात कुणी वाचून दाखवलं, तर बाकीचं सगळं राहू द्या, माझी माफीबी राहू द्या, ती मागायचं तोंड मला न्हाय. एवढं एकच तिला सांगा. तुझा बाप न सांगता गेला न्हाय, पोरी. तो म्हणाला होता, हजराला सांग, सांजच्याला येतो.