कमलाबाईचा रोल कोणत्या दवेत धुवावा, याबद्दल

नाव भागाबाई उखर्डू चौधरी. वय आधार कार्डाप्रमाणे ७४, खरे आईला माहीत होते. धंदा: चाळीस वर्षे नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत रोल धुणे, म्हणजे दवेत घालून त्यावरचे फोटो उमटवणे, सध्या रिकामी, म्हणून पोलीस ठाण्यात. राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, फिर्यादी भूपेंद्र माझा शेजारी आहे. तो जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून फोटो काढतो व मोबाइलवर पाहून ते धुवायला शिकला. हुशार आहे. त्याने धुतलेल्या काही रोलांवर माणसेही दिसतात.

माझी धाकटी बहीण कमलाबाई, राहणार जैनाबाद, स्वतःचा दाजी फोटोवाला असून जन्मभर कॅमेऱ्यासमोरून पळाली. गेल्या महिन्यात ती आपल्या केळीच्या बागेत भूपेंद्रसमोर एकदाची बसली. वेळ भर दुपारची, लुगडे पांढरे, तोंड गर्द सावलीत. मुहूर्त तिनेच काढला होता. अकराव्या दिवशी ती वारली. तिचा दुसरा फोटो आधार कार्डावर आहे. तो आपल्या ठाण्याच्या भिंतीवर फरारींमध्ये लावला तरी कोणी हरकत घेणार नाही.

आज सकाळी साडेदहाला मी माझ्या दवेच्या दोन बाटल्या घेऊन भूपेंद्रच्या घरी गेले. रोल काळ्या बंद डबीत भरलेला होता. तो ओतणार असलेल्या दवेच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते मी त्याच्याकडून वाचून घेतले. ती छापील कागदाचे फोटो काढतात तेव्हाची तेज दवा होती. यात लुगडे जळून कोरे होईल व तोंडाचा कोळसा, असे मी सांगितले. तो म्हणाला, "आजी, काळं एकदम काळं, पांढरं एकदम पांढरं. वही तो मजा है."

मी म्हणाले, "माझी बहीण त्या दोन्हींच्या मधली होती रे."

त्याने बाटली उचलली. मी ती हिसकून मोरीत ओतली. हे कबूल आहे. मी त्याला ढकलले हे खोटे आहे, तो स्वतःच्या बादलीवर पडला.

ठाण्यात डबी जप्त झाली. मुद्देमाल उघडून पाहावा लागतो, असे सांगून हवालदार मनोज यांनी झाकणाला हात घातला. मी डबी मांडीवर घेऊन तिच्यावर पदर टाकला व सव्वादोन तास उठले नाही. शेवटी फिर्यादीच म्हणाला, "साब, खोलना मत. उजाले से सब साफ हो जाएगा."

डबीला दवा ओतायचे भोक आहे, त्यातून उजेड जात नाही. म्हणून रोल ठाण्यातच धुतला. माझ्या बाटल्या बरोबरच होत्या. मला अक्षर येत नाही, म्हणून त्यांना दोरे आहेत. लाल दोऱ्याच्या बाटलीत फिल्म दवा पिते, पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत सोडा असतो. सोड्यात उन्हातले पांढरे आपल्या वाटची दवा पटकन संपवून गप्प बसते. सावलीतले हळूहळू खात राहते, म्हणून तोंड उमटते. मिनिटे भूपेंद्रने ठाण्याच्या घड्याळावर मोजली. पक्के करायची दवा त्याने घरून पळत आणली. पडलेला माणूस बरा पळतो.

फिल्म खिडकीशी धरून पाहिली. लुगड्याचा काठ दिसतो. दोन्ही डोळे दिसतात. ती हसत आहे. कशाला ते मला माहीत नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या मुंशीजींनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, टोमणे त्यांनी कमी केले आहेत. फक्त पंचनाम्यात डबीत काय मिळाले तिथे 'एक अनोळखी वृद्ध महिला' असे लिहिले आहे. ते खोडून कमलाबाई लिहावे. मग अंगठा देईन.