झिजलेले दात

(पेडण्यातलं एक घर. विमलेला बघायला आलेले साखळीचे पाहुणे नुकतेच गेलेत. स्वयंपाकघरात तिची आई यशोदा आणि काकी विनोदिनी. विमला ग्लास विसळते आहे.)

यशोदा : खोटं बोलू नको गो. सगळ्यांच्या देखत थुंकलीस तू सरबत. मुलाच्या आवयचं तोंड बघितलंस? हातातला ग्लास तिनं तस्साच खाली ठेवला.

विनोदिनी : मुद्दाम नाही थुंकले, वयनी. दातांत कळ गेली. थेट कानापर्यंत.

यशोदा : नेमकी आजच गेली! काल मी चार शब्द बोलले, त्याचा डूख धरलास. आणि सूड घेतलास तो माझ्या मुलीवर.

विनोदिनी : तोंड सांभाळा.

यशोदा : कुठला दात किडलाय? दाखव.

विनोदिनी : किडलेला एकही नाही. डिचोलीच्या डॉक्टरणीनं बघितलेत. वरचं कवच घासून गेलंय. हिरड्या मागे सरल्यात.

यशोदा : दात म्हणजे हाड. हाडाला कसलं आलंय थंड नि गरम?

विनोदिनी : कवचाला काही कळत नाही. पण त्याच्या खालच्या थरात बारीक नळ्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांत पाणी. थंड लागलं की ते हलतं नि आतल्या शिरेला धक्का बसतो. तुम्ही दिलंत ते नव्या फ्रीजातलं, बर्फ घातलेलं. वर भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं आंबट. जीव गेला माझा.

यशोदा : घरात सगळेच पितात. तुझेच बरे झिजले?

विमला : काकी कोळशाच्या पुडीनं घासते, आई. मीठ घालून. रक्त येईस्तोवर. मी रोज बघते विहिरीवर.

यशोदा : कोणी सांगितलं होतं घासायला?

विनोदिनी : तुम्ही.

यशोदा : मी?

विनोदिनी : लग्न होऊन आले त्या दिवशी. भरल्या अंगणात म्हणालात, ‘नवरी बरी आहे, पण हसू नको म्हणावं. दात हळदीत बुडवल्यासारखे.’ सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले.

यशोदा : मस्करी असेल ती! एवढं कोणी धरून बसतं?

विनोदिनी : धरून नाही बसले. घासत बसले.

विमला : आई, बोल ना काहीतरी.

यशोदा : तू गप राहा... ते कवच परत येतं म्हणाली डॉक्टरीण?

विनोदिनी : नाही. गेलं ते गेलं. कोळसा सोड म्हणाली, मऊ ब्रश घे. एक पेस्ट दिलीय, त्यानं नळ्यांची तोंडं बुजतात. कळ कमी होते, एवढंच.

यशोदा : मग उद्या साखळीला जा नि त्यांना सांग. सरबतात काही वाईट नव्हतं म्हणावं.

विनोदिनी : जाईन. तुमच्यासाठी नाही, विमलेसाठी. पण दात कशानं झिजले, असं विचारलं तर?

यशोदा : ...मी येते सोबत. विचारलं तर मी सांगेन.

विनोदिनी : आणि नाही विचारलं तर?

यशोदा : तरी सांगेन.