बोटभर कमी

रोममध्ये भट्टीवर पावासाठी रांग लागली होती. फाबियाच्या पुढे दोन शेजारणी बोलत होत्या. तिचे कान आपसूकच तिकडे लागले.

"ओफिलिया, तुझा धाकटा फौजेत भरती व्हायला गेला होता ना गं?"

"परत पाठवला. उंचीत बोटभर कमी भरला."

"अरेरे! मग?"

"भिंतीकडे तोंड करून पडलाय. मीही शेजारी बसून रडले. भरतीवाल्याला शिव्या घातल्या."

"अन् आता हसतेयस?"

"थोरला डॅन्यूब नदीपलीकडे लढायला गेला, तो आलाच नाही. हा तरी घरात राहील गं!"

"त्याचा बाप काय म्हणतो?"

"तो चौकातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन हसून घेतोय, मी इथे. घरी दोघांनाही सुतकी तोंड करून बसायचंय."