पाचव्या तारेनं खाल्लं मला

नाही, पण मला एक सांगा, पाचवी तार मागितली होती कुणी? तुम्ही मागितली होती? मी मागितली होती? प्रेक्षकांतला एक तरी माणूस खुर्चीवरून उठून ओरडला होता का, की थांबवा हो हे नाटक, एक तार कमी पडतेय? नाही ना? मग! मला चार पुरे होत्या हो!

तुम्हाला सांगतो, मी व्हायोलावाला. व्हायोला म्हणजे काय, असं विचारू नका, आधीच डोकं फिरलंय. व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. त्यालाही चार तारा, ह्यालाही चार. त्यातल्या तीन तर अगदी त्याच. फक्त व्हायोलिनला वरच्या अंगाला एक बारीक जास्त, किंचाळायला, आणि आमच्या व्हायोलाला खालच्या अंगाला एक जाड जास्त, शहाण्या माणसासारखं बोलायला. तर आमच्या नाट्यगृहात, रंगमंचापुढच्या त्या खड्ड्यात, मी आणि माझा साडू शेजारीशेजारी बसायचो. माझा साडू व्हायोलिनवाला. बायकोच्या ताईचा नवरा. माणूस कसा? आता काय सांगू... वाजवायच्या आधी केस सारखे करतो! खड्ड्यात! जिथं फक्त आम्हाला आमचे गुडघे दिसतात, तिथं! आणि वर मला म्हणणार, असं नाकातून, "साडूभाऊ, व्हायोला म्हणजे सर्दी झालेलं व्हायोलिनच की हो!" हसतात सगळे. मीही हसायचो. काय करता, नातं पडलं.

तर एक दिवस मॅनेजर खड्ड्यात वाकून म्हणाला, "मंडळी, जागा कमी करायचीय. हल्ली पाच तारांचं वाद्य निघालंय, त्यात व्हायोलिनपण आलं आणि व्हायोलापण आला. तेव्हा तुमच्या दोघांतला एकच राहील. परीक्षा घेऊ." झालं! म्हणजे माझी खुर्ची आणि साडूची खुर्ची मिळून एक खुर्ची, आणि बसणार एकच! अहो, ह्या वयात मी दुसरं काय करू? मला दुसरं येतं काय? भाजी चिरायला दिली तरी बायको परत घेते.

गेलो वाद्यं बनवणाऱ्याकडे. गळ्यात भिंग लटकवलेलं, बोटांना सरस, आणि तोंडावर असा भाव की गिऱ्हाईक म्हणजे दुकानात शिरलेली माशी. म्हटलं, पाचतारी दाखवा. म्हणाला, "लहान अंगाचं हवं की मोठ्या?" म्हटलं, फरक काय? "लहान घेतलंत तर जाड तार ढिली बोलेल. मोठं घेतलंत तर बारीक तार तटकन तुटेल." म्हटलं, अहो, दोन्ही बरं असलेलं नाही का? "मधलं देतो की!" म्हणाला. वा! मधलं दिलं. त्यात जाड तार ढिलीही बोलायची आणि बारीक तार तुटायचीही! ह्याला म्हणे सुवर्णमध्य! बरं, तयार पाचतारी तेवढं एकच होतं दुकानात, तेच घेऊन घरी आलो.

मग तारा चढवणं. पाचही एकदम काढायच्या नाहीत बरं का! काढल्या की वरची घोडी आडवी होते आणि पोटातला टेकू पडतो, मग बसा खुळखुळा वाजवत. एकेक काढायची, एकेक चढवायची, खुंटी पिळायची, कान लावायचा, पुन्हा पिळायची. आणि ती जाड तार! नवी तार म्हणजे अशी हट्टी कार्टी, आत्ता सुरात लावली की चहा पिऊन येईपर्यंत खाली. पुन्हा चढवा. पुन्हा खाली. महिनाभर, तुम्हाला सांगतो, महिनाभर मी त्या तारेला चुचकारून, शिव्या घालून माणसात आणली. आणि गज फिरवायला गेलं तर पाच तारा इतक्या दाटीवाटीनं, की एकीला हाक मारावी तर शेजारीण 'ओ' देते. मला चार पुरे होत्या हो!

आणि हे सगळं झाल्यावर बायको काय म्हणते? "अहो, भाऊजींना कुठं मिळालं नाही म्हणे पाचतारी. परीक्षेपुरतं तुमचंच वापरू द्या ना." म्हटलं, अगं, तो माझ्याविरुद्ध बसलाय परीक्षेला! "म्हणून काय झालं? माझ्या ताईच्या नवऱ्याला नाही म्हणणार तुम्ही?" दिलं कबूल करून! तुम्ही नाही म्हणाला असता? लग्न झालंय का तुमचं?

परीक्षेचा दिवस. मध्ये पडदा. पलीकडे आमचे मास्तर, खड्ड्यात छडी हलवणारे तेच. पक्षपात नको म्हणून पडदा! बूट काढायचे, चाल ओळखू येईल. बोलायचं नाही, आवाज ओळखू येईल. खोकायचंसुद्धा नाही. आधी साडू गेला. केस सारखे केले. पडद्यामागे! पलीकडून मास्तर म्हणाले, "चौथी तार उतरलीय, चढवा." ह्यानं अशी करकचून पिळली खुंटी की जरा जास्तच चढली, आणि तशीच रेटून वाजवलं सगळं. जाड तारेला तर नुसता भीत भीत शिवला. पण ती बोलली हो! का नाही बोलणार? महिनाभर राबलो होतो तिच्यावर!

मग मी. वाद्य घेतलं, बसलो, एकदा तारांवरून गज फिरवला. पलीकडून मास्तर, "चौथी चढलीय. उतरवा." उतरवली. "अजून चढलेलीच आहे." आणखी उतरवली. "अहो, उतरवा म्हणतोय मी!" म्हटलं... म्हणजे मनात म्हटलं, बोलायची बंदी... हा माणूस बहिरा झाला की काय? आणखी उतरवली. "काय चाललंय काय? चौथी! चौथी!" मी चिडून अशी पिळली खुंटी उलटी, की टर्रकन सुटली आणि तार लोंबायला लागली, कपडे वाळत घालायची दोरी जशी. आणि मग पलीकडून मास्तर अगदी थंडपणे म्हणाले, "व्हायोला, वरून मोजा. ती पाचवी आहे."

अहो, जन्मभर माझी चौथी म्हणजे सगळ्यात जाड! बोटंच तशी मोजतात! साडूची चौथी इथंही चौथ्याच जागेवर, वरच्या बारीक तारेपासून मोजलं तरी त्याची सवय बरोबर पडली, आणि माझी सगळी मोजदाद एका घरानं सरकली! अख्ख्या नाट्यगृहात जाड तारेला चौथी म्हणणारा माणूस एकटा मी. पडद्याआड, बूट काढून, तोंड मिटून, वाजवायला सुरुवात करायच्या आधीच ओळखला गेलो! मला चार पुरे होत्या हो!

"लावा आणि वाजवा," मास्तर म्हणाले. लावली. पण एकदा ढिली पडलेली ती तार, ती काय ऐकते? नेमकं समोरच्या सुरांच्या पानावर जाड तारेचंच काम, खालचं, संथ, माझ्या हक्काचं. साडूला सात जन्मांत जमलं नसतं असं. मी वाजवतोय आणि ती उतरतेय. मी बोट वर सरकवतोय, ती आणखी उतरतेय. खोटं कशाला बोलू, रडू आलं मला. बाकीच्या चार तारा दगा देत्या तर एवढं वाटलं नसतं. जी तार माझी, तीच माझ्या हातातून घसरत गेली, आणि पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

जागा साडूला मिळाली. संध्याकाळी आला, ताईंना घेऊन, पेढ्यासारखं तोंड करून. म्हणाला, "साडूभाऊ, वाद्य आता माझ्याकडेच ठेवतो, रोज लागणार ना. फक्त ती जाड तार तेवढी चढवून द्या, मला काय तिची सवय नाही." मी बायकोकडं पाहिलं. बायको ताईंचा हात धरून बसलेली, डोळे भरलेले, माझ्याकडं वळून काय म्हणाली असेल? म्हणाली, "अहो, वाईट वाटून घेऊ नका. नोकरी घरातच राहिली ना!"

खुंटी पिळत होतो, म्हटलं, हो गं बाई. घरातच राहिली. घर तेवढं त्यांचं!