दगडाचं टेन्शन घेऊ नका!

...न्हाय, मी म्हनतो, दगडाला डोळं नस्त्यात, मान्य हाय, पन मानसाला तर हायेत की न्हाय? माळावरचं गवत जरा सारलं की बुडाला दगडाची डोसकी वर आलेली दिसायलीत, लहान पोराला बी दिसायलीत, आन हा बाबा त्याच माळावर फिरत्या पात्याचं यंत्र घिऊन जातोय, आन यंत्र मोडलं की आभाळाकडं बगतोय! आभाळाचा काय संबंध? दगड खाली हायेत की!

कोन म्हंता? आवो माजा साडू, मल्लिनाथ. होटगीच्या अलीकडं रान हाय त्येचं. मानूस लई गुनाचा, कुनाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. पन एक खोड. कुठल्याबी कामाला यंत्र निगालंय म्हनून नुसतं कानावर पडू दे, ह्येचा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. कांदा भरायचं यंत्र आनलं, निम्मा कांदा चेचला. पान्याची मोटर मोबाईलवर चालू करायचं यंत्र आनलं, तर हा सासरवाडीला जेवायला बसलेला आन तिकडं शेजाऱ्याच्या रानात तळं! जाऊ द्या, त्ये येगळं.

तर तुमाला सांगतो, ह्या खेपंला कारन मातूर खरं हुतं. त्येची पोरगी सिद्धेश्वरी, आमी सिद्धू म्हनतो, पोलीस भरतीची तयारी करायली. पोरगी म्हंजे काय सांगू, आंगानं काटक, बोलाय कमी, आन मनात आनलं की हटत न्हाय. दिस उगवायला रोडवर पळाय जायची. आन आमचा रोड तुमाला म्हाईत हाय, उसाच्या ट्राल्या, सिमेटाचे बलकर, समद्यांस्नी घाई. एक दिवस ट्रालीतनं बाहेर आलेल्या उसाचं टोक तिच्या पाठीला घासून गेलं. पाठीवर ह्येवढा वळ. ती घरात काय बोलली न्हाय, पन तिच्या आईनं, भुवनेश्वरीनं, सदऱ्याची फाटलेली पाठ बगितली, आन मल्लिनाथपुढं नेऊन धरली. नुसती धरली.

मल्लिनाथ त्या दिवशी जेवला न्हाय. हात धुतला आन म्हनला, "उद्यापासनं ती रोडवर जानार न्हाय. आपल्या माळावर पळंल."

आता माळ हाय की त्येचा. रानाच्या मागं, चांगला ऐसपैस, सपाट. पन सपाट म्हंजे लांबनं! जवळ गेलं की कमरंएवढं गवत, आन गवत कसलं, कुसळ! धोतरात घुसतंय, मोज्यात घुसतंय, कातड्यात घुसतंय, शेळी बी तोंड वाकडं करून पुढं जाती. आन त्या कुसळाच्या बुडाला दगड. काळं, टोकाचं, निम्मं जमिनीत निम्मं वर.

भुवनेश्वरी म्हनली, "चार बाया लावा, इळ्यानं कापून घ्या."

सरळ हुतं का न्हाय? सांगा! पन मल्लिनाथ म्हनतो कसा, "बाया समद्या कांद्याच्या काढनीला गेल्यात. आन ह्येला यंत्र निगालंय."

झालं! निगालंय म्हनल्यावर मला मोटारसायकलीवर मागं घेतलं आन आमी सोलापूरला. दुकानात एक पोरगा, मल्हार नाव, इस्त्रीचा शर्ट, आन बोलनं असं की पाटावर वाढल्यागत. "या काका, बसा काका. हा बघा आपला रोटरी कटर. वरती जाड पत्र्याचं झाकण, खाली दोन पाती, ट्रॅक्टरच्या शाफ्टला जोडायचा, की गरागरा! गवत राहू द्या, बाभळीचा फोक आला तरी भुगा!"

मल्लिनाथ म्हनला, "आमच्यात दगड हायेत वो."

तो पोरगा हासला. असा हासला, की जसं काय आमी मांजराला भितो म्हनून सांगितलं. झाकनावर थाप मारली, ढण्ण, आन म्हनला, "काका, दगडाचं टेन्शन घेऊ नका!"

तुमाला सांगतो, त्या एका वाक्यावर मल्लिनाथ इकला गेला.

कटर आला. पूजा झाली, नारळ फुटला, हळद-कुंकू पात्याला. सिद्धू बाजूला चुना घिऊन हुबी, बापाचं कापून झालं की गोल आखायचा म्हनून. मल्लिनाथनं ट्रॅक्टर सुरू केला, कटर खाली सोडला, आन काय दिसलं सांगू! कुसळ असं आडवं पडायलंय, मागं हिरवा-पिवळा भुगा उडायलाय, मल्लिनाथ सीटवर वळून वळून बगतोय, तोंड एवढं! बांधाएवढं लांब गेला. म्या म्हनलं, मल्लिनाथा, चुकलो बाबा आमी, तू शाना...

खण्ण!

आन गप्प. ट्रॅक्टर चालू, शाफ्ट फिरायलाय, पाती उभी. खाली वाकून बगतो तर एक बोल्ट तुटलेला. मल्हारला फोन. "काका, उत्तम झालं!" उत्तम? "तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो काका! दगड लागला की तो तुटतो, बाकीची मशीन वाचते. नवीन टाका. दगडाचं टेन्शन घेऊ नका!"

बरं. नवीन टाकला. ह्या कोपऱ्यापास्नं त्या बाभळीपत्तर गेला. खण्ण! नवीन टाकला. वळला. खण्ण! तुमाला सांगतो, त्या दिवशी गवत कमी कापलं आन बोल्ट जास्त. आन पाती? सकाळी कोयत्यागत असलेली पाती सांजच्याला बगितली तर शेव पाडायच्या झाऱ्यागत, समदीकडं खाचा, आन एक तर वर मुडपलेलं. मल्लिनाथ हातात घिऊन बसला. आन सिद्धू? ती कापलेल्या पट्टीतलं दगड उचलून बांधाकडं फेकायली. एक उचलला, फेकला. दुसरा उचलला, फेकला. बाप तिला लाडानं यव्वा म्हनतोय, म्हंजे आई. म्हनला, "यव्वा, ऱ्हाऊ दे, यंत्र करतंय." ती म्हनली, "व्हय अप्पा," आन तिसरा उचलला.

मग पाती बदलली. जाड आनली. जाड पात्यानं काय झालं, पातं वाकायचं बंद झालं आन बोल्ट जास्त तुटाय लागला. आता हितं मल्लिनाथनं डोस्कं चालवलं. हितंच चालवाय नको हुतं! तो वेल्डिंगवाल्या धम्मदीपकडं गेला आन म्हनला, "ह्यो बोल्ट लई कच्चा हाय. मला न तुटनारा पायजे."

धम्मदीपनं इच्यारलं, "कशाला घालनार?"

"तुला काय करायचंय? तू दे."

तेनं दिला. ट्रकच्या पाट्याला असतो तसला, आंगठ्याएवढा. मल्लिनाथ असा खूश, असा खूश, की वाटंत मला चहा पाजला. "साडूसायेब, आता बगा," म्हनला, "आता कसा तुटतोय!"

खरंय की वो. न्हाय तुटला. बोल्टाला वरखडा बी न्हाय! दगड लागला, बोल्ट ढिम्म, आन वरचा गिअरबॉक्स कडाड करून असा उकलला, की भाजलेली भुईमुगाची शेंग दोन बोटांत दाबावी. आतनं तेल, तेलातनं दातं, समदं कुसळात. आमी दोघं गुडघ्यावर बसून गवतात लोखंडाचं दात हुडकायलोय. हसू नका! मल्लिनाथच्या डोळ्यात पानी हुतं. म्हनला, "तिकडं भरतीची जाहिरात पडलीया. आन मी हितं..."

आमी तो गिअरबॉक्स पोत्यात घालून दुकानात. मल्हारनं पोतं उघडून बगितलं, परत बांधलं. "काका, दगड लागला का?"

"लागला."

"मग ते वॉरंटीत बसत नाही काका."

मल्लिनाथ म्हनला, "आरं, तूच म्हनलास की, दगडाचं टेन्शन घेऊ नका म्हनून!"

तर तो पोरगा इतक्या मायेनं म्हनतो, "मग मी आता काय म्हणतोय काका? टेन्शन घेऊ नकाच. गिअरबॉक्स घ्या."

घेतला! भुवनेश्वरी दारात हुबी हुती, पोतं बगून तिनं हात जोडलं. तिचं माहेर अक्कलकोटाकडचं, राग आला की कानडी येती तिला. "साकु री, साकु!" म्हनली. म्हंजे पुरं आता. आन आत गेली.

मल्लिनाथला बी कळलं हुतं वो. मानूस काय दगड न्हाय. पन ऐका, अर्धा गोल कापून झालेला. पोरगी त्या अर्ध्या गोलातच पळायची, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, बांधलेल्या वासरागत. बापाच्यानं बगवंना. अर्धं काम टाकून कसं सोडायचं? त्येच्या जागी तुमी काय केलं असतं? आँ?

बरं, त्या कटरच्या मागच्या अंगाला साखळ्या असत्यात, पडद्यागत लोंबत्या. दगड उडला तर तितंच अडावा म्हनून. त्या साखळ्यांत कुसळ गुतायचं, दर फेरीला उतरून काढायला लागायचं. मल्लिनाथनं घाईनं त्या साखळ्या सोडून ठिवल्या. एक दिवसाचं तर काम, म्हनला.

सिद्धू लांब हुती. लांब म्हंजे चांगली लांब, माज्याजवळ. पाठमोरी वाकून चुन्याची रेघ ओढायली हुती. खण्ण झालं न्हाय ह्या बारीला, नुसतं सूंऽऽ असं काय तरी गेलं. आन पोरगी खाली बसली. घोटा दोनी हातात धरून बसली, आन चुन्याचा डबा उपडा.

मल्लिनाथनं ट्रॅक्टरवरनं उडी मारली. ट्रॅक्टर तसाच चालू, कटर तसाच फिरायलाय. पळत आला आन पायापशी बसला, आन पायाला हात लावायचं धाडस हुईना त्येला. नुसतं म्हनायला, "यव्वा... यव्वा..." आन तिच्या जवळ तो दगड पडलेला. लिंबाएवढा. तुमाला सांगतो, बापानं तो उचलला, मुठीत धरला, आन त्येचं तोंड मी बगितलं. नसतं बगितलं तर बरं झालं असतं. दगडाचं टेन्शन घेऊ नका म्हनं!

सोलापूरच्या दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलं न्हाय, चीर गेलीया म्हनलं. पलस्तर. पळायचं न्हाय. मल्लिनाथनं डॉक्टरला इच्यारलं, "भरती हाय वो तिची." डॉक्टर म्हनलं, "पाय हाय म्हनून भरती हाय. पाय सांभाळा."

पलस्तरात पोरगी काय करायली असंल? माळावर जायची, काठी टेकत, आन बसून दगड फेकायची. बसल्या जागनं हाताला यील तेवढं. भुवनेश्वरी रागवायची, ती म्हनायची, "हातानं करायलेय की, पायानं कुटं?"

पलस्तर निगालं, आन लगीच मैदानी परीक्षा आली. मल्लिनाथ गेटाच्या बाहेर हुबा, मी संगट. आत पोरींचा घोळका, शिट्ट्या, भोंग्यावर नंबर. त्येनं जाळीला दोनी हातानं धरलेलं. सिद्धू सुटली. पयली फेरी बरी मारली की वो! मल्लिनाथ जाळीला धरून हितं जाग्यावर पळायलाय! दुसऱ्या फेरीला पाय आखडला, लंगडाय लागली. तरी थांबली न्हाय. दात चावून पुरं केलं. पोरी फुडं गेल्या, ही मागनं आली, पन आली.

आन गोळाफेक? आवो, काय इच्यारू नका! तिनं गोळा असा फेकला, की मोजनारा पोलीस टेप घिऊन मागं सरला. पैकीच्या पैकी! मैदानातल्या बाईनं इच्यारलं म्हनं, "कुठं शिकलीस गं?" पोरगी म्हनली, "माळावर."

पन भरती काय नुसत्या गोळ्यावर हुती व्हय? निकाल लागला, थोडक्यात ऱ्हायली. पळन्यात गेलं. मल्लिनाथ ऐकून सरळ माळावर गेला. कटर तितंच पडलेला, त्येच्या झाकनावर बसला. ऊन डोक्यावर, हा बसलेला. मी जवळ गेलो तर म्हनतो, "साडूसायेब, रोडवर पळाली असती तर भरतीला लागली असती का वो?"

काय सांगू मी? रोडवर पळाली असती तर लागली असती का नसती, कुनाला म्हाईत?

सांजच्याला सिद्धू आली, पानी घिऊन. बापाला तांब्या दिला, शेजारी बसली. मल्लिनाथ तिच्या तोंडाकडं न बगताच म्हनला, "यव्वा, पुडली भरती येतीया. तू सांगशील त्ये करतो. दगड फोडायचं यंत्र निगालंय म्हनं, मातीच करतंय. सांग, काय करू?"

पोरीनं बापाच्या हातनं तांब्या घेतला, खाली ठिवला. मग बापाच्या गुडघ्यावर हात ठिवला आन म्हनली, "अप्पा, ह्या बारीला एकच करा. तुमी काय बी करू नका."

मल्लिनाथ "व्हय" म्हनला.

तवापासनं बसलाय बगा वट्ट्यावर. सकाळी बसतोय, सांजच्याला बसतोय, रोडनं कुठलं यंत्र चाललं की तोंड भिताडाकडं करतोय. आन तुमाला सांगतो, नांगरट केली, हिरी खांदल्या, आख्खा जलम त्या रानात राबला ह्यो मानूस, पन एवढं अवघड काम त्येला आजवर कुनी सांगितलं नव्हतं!