सुई टोचण्याआधी

हॅलो?… हो, मीच. हळू बोलतेय, सामानाच्या खोलीत आलेय… अगं लॅबमध्येच, अजून सुटले कुठे!… नाही, इथे नुसते कापसाचे गठ्ठे आहेत. पण भिंतीलाही कान असतात बाई.

ऐक ना… ऐक तरी! सकाळी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "रक्त घेताना डोळे मिटून पुटपुटणारी तुमच्यात कोण?"… हो ना! मी तर गारच पडले… वेडी आहेस का, टोचताना नाही गं मिटत! त्याच्या आधी. दंडाला पट्टा बांधला, शीर सापडली, की एकच क्षण. "प्रभू येशू, माझा हात हलका ठेव, ह्यांना बरं कर." एवढंच. बारा वर्षं करतेय. कुणाला कळतही नाही… म्हणजे, मला तसं वाटत होतं.

कुणी सांगितलं असणार? ती काउंटरवरची चष्मेवाली, दुसरं कोण!… अगं परवाच विचारत होती, "रविवारी सकाळची ड्युटी तुम्ही कधीच घेत नाही, जाता कुठे?" तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. आणि डबा उघडून मी मान खाली घातली, की ही टक लावून बघते… हो, बोलते गोड. काल बिस्किटंही दिली. तेच तर! उगाच कोण देतं?

मी?… मी काय म्हणाले ते सोड… सोड ना गं… म्हणाले, "मी नाही, साहेब. मी कशाला पुटपुटू?"… रागावू नकोस. इथे नोटीस लावलीय, कामावर धर्माचं काही नको म्हणून. उद्या काढून टाकलं तर?… हो, खोटं. चक्क खोटं बोलले. बाबांना सांगू नकोस हं! पाळक माणूस, येत्या रविवारी उपदेशात माझंच उदाहरण देतील… हसू नकोस, लाज वाटतेय मला.

थांब, दार वाजलं… ठेवू नकोस.

काय हो? कापूस घ्यायला आले होते… हं, बहिणीचा फोन… कोण आजोबा?… म्हणजे त्या पुटपुटणारीची तक्रार साहेबांकडे त्यांनी केली?… तक्रार नव्हती?

ऐकतेयस? हळूच सांगते, दारात चष्मेवालीच आहे. म्हणतेय, एक आजोबा आलेत. बायको पूर्वी इथे रक्त द्यायला यायची, आता अंथरुणाला खिळलीय, सुईला घाबरते. घरी येऊन रक्त घ्यायला तिला "ती डोळे मिटणारी"च हवीय. दुसरी कुणी आली तर हातच देणार नाही म्हणते… आणि साहेबांनी आजोबांना सांगितलं, आमच्याकडे तशी कुणी नाही.

हो गं… मीच म्हणाले ना तसं.

अहो, गेले का ते?… बाहेर बाकावर? सकाळपासून?… तुम्ही बसवून ठेवलंत?… म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, मीच ती?… केव्हापासून?… मग साहेबांना का नाही सांगितलंत?… मीच सांगावं म्हणून?

अगं… आणि मी हिच्याबद्दल काय काय… गप्प बस, ऐकू जाईल तिला.

हो, सुया, बाटल्या, सगळं भरून ठेवा. आजोबांना म्हणावं, पाचच मिनिटं… नाही, लगेच नाही निघत.

आधी साहेबांच्या खोलीत जाते… माहीत आहे गं काय होईल ते! तू प्रार्थना कर… नाही, फोनवर नको, मनात कर. ठेवते.