मुक्ताबाई हजर

रामकिसन : डोळे मीट म्हणलं ना. मिटलेस का?

मुक्ताबाई : मिटले. चुलीवर दूध हाय, तेवढं ध्यानात असू द्या.

रामकिसन : दूध ऱ्हाऊ दे. आता लंबा श्वास घे. आन् आठव, घरात आपलं कुणी ऐकलंच न्हाई, असं कवा झालतं?

मुक्ताबाई : कोणत्या सालापासून आठवू?

रामकिसन : सालं मोजायची न्हाईत गं. नुसतं आत बघायचं. संभाजीनगरला प्रशिक्षणात, त्या हॉटेलात, दुसऱ्या दिवशी आमाला हेच करायला लावलं. तलवाड्याचा बंकट तर हमसून हमसून रडला. मॅडमनी त्याला पाणी दिलं, म्हणल्या, जानकीताई, येऊ द्या, सगळं बाहेर येऊ द्या.

मुक्ताबाई : बंकटला जानकीताई कावून म्हणल्या?

रामकिसन : छातीवर बिल्ला बायकूच्या नावाचा ना! समद्यांचेच तसे. बत्तीस महिला दूध संस्था, बत्तीस चेअरमन बाया, म्हून बत्तीस बिल्ले. मपल्या बिल्ल्यावर तुपलं नाव. सकाळी हजेरीला मॅडम म्हणायच्या, मुक्ताबाई? का मी हात वर करायचा. हजर!

मुक्ताबाई : आन् खरी बाई एक बी नव्हती?

रामकिसन : एक होती. दिंद्रुडकडची सुभद्राबाई. तिचा नवरा ऐन येळी पाय मुरगळून पडला म्हून तिलाच यावं लागलं. लई अवघडली बिचारी. मग तिला चहाचं बघायला सांगितलं आमी, तवा कुठं मोकळी झाली.

मुक्ताबाई : मला यायचं होतं. कागद मपल्या नावानं आलता. इस्तरीची साडी काडून ठिवलती मी.

रामकिसन : आता ती साडी मधी आणू नको. तू गेली असतीस तर तीन दिवस संस्थेचं दूध कुणी घेतलं असतं? करगोट्याची, ओट्यावरल्या खोलीची किल्ली सोडून तुज्या हातात दिली, जिंदगीत पैल्यांदा. हा केवढा बदल हाय, ते बघ की.

मुक्ताबाई : त्या किल्लीचंच सांगायचं होतं मला. तुमी गेल्यावर…

रामकिसन : सांग, सांग. पर आधी मपलं होऊ दे. मॅडम यायल्यात पाच वाजता. बीडला जाता जाता आपली संस्था बघणार. बत्तीसातून आपली निवडली, खेळ हाय का? आन् त्येंना बदल दाखवायचाय. फोटोसकट.

मुक्ताबाई : कसला बदल?

रामकिसन : समग्र.

मुक्ताबाई : म्हंजे?

रामकिसन : म्हंजे… हे मनगटाला बघ. काय हाय?

मुक्ताबाई : लोकर.

रामकिसन : लोकर न्हाई, नातं हाय ते. आमी बत्तीस जण गोल बसलो, आन् गुंडा ह्याच्याकडून त्याच्याकडं फेकायचा. समद्यांच्या मनगटाला धागा. एकानं ओढलं का एकतीस जणांला हिसका. तवा मला कळलं, संस्था म्हंजे काटा, फॅट मोजायचं मशीन, किटल्या न्हाईत. संस्था म्हंजे शरीर हाय. एका जागी दुखलं का अख्ख्या अंगाला कळलं पायजे.

मुक्ताबाई : श्रावणात भिवराबाई दुधाची किटली घेऊन वड्याच्या पाण्यात घसरली. मनगट मोडलं तिचं. तवा कोणत्या अंगाला कळलं?

रामकिसन : तवा प्रशिक्षण झालं नव्हतं ना!

मुक्ताबाई : तवापासून दोन मिटिंगा झाल्या. दोन्ही मिटिंगात बाया म्हणल्या, मशीन वस्तीवर न्या. दूध घालणाऱ्या चाळीसातली तीस घरं वड्यापल्याड वस्तीवर, आन् मशीन आपल्या ओट्यावर. तुमी बुकात काय लिवलं? 'चर्चा झाली. चहापान झालं.'

रामकिसन : झालतंच की चहापान.

मुक्ताबाई : मी भिवराला शबूद दिलता. तिचा हात गळ्यात बांधलेला, त्याच हाताकडं बघून म्हणलं होतं, दिवाळीच्या आत नेते. दिवाळी होऊन गेली. मग ती वाटंत दिसली का मी दुसऱ्या बाजूनं जायची. लाज वाटायची मला.

रामकिसन : अगं, ह्यालाच मॅडम म्हणत्यात घाईचा बदल. मशीन उचलून तिकडं नेलं, म्हंजे काय बदललं? जागा. माणूस बदलला का? न्हाई. आधी माणूस आतून बदलायचा. मशीन आपोआप… बघू.

मुक्ताबाई : तुमी बदललात का आतून?

रामकिसन : लई! बसमधी बाई उभी होती, मी तिला म्हणलं, ताई, तुमाला काय वाटतं?

मुक्ताबाई : जागा दिली का?

रामकिसन : तवर तिचा स्टॉप आला. आता खरं सांगू का तुला? डोळे मिटले होते तवा मला काय दिसलं? हा ओटा दिसला. रोज सकाळ-सांच्याला चाळीस घरं मपल्या दारात. बाया किटल्या घेऊन येत्यात, त्येंच्या मागं बापे येत्यात, चहा होतो, दोन गोष्टी होत्यात. चार महिन्यांवर पंचायतीचं इलेक्शन हाय, मला उभं ऱ्हायचंय. मशीन वस्तीवर गेलं तर मपल्या दारात कोण येईल, मुक्ता? कुत्रं यायचं न्हाई.

मुक्ताबाई : हे तिथं सांगितलं का मोठ्यानं?

रामकिसन : येडी का काय! तिथं म्हणलं, मला सूर्योदय दिसला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बरं, चुना कुठंय? अंगणात रिंगण काडायचंय. लायनीत उभं ऱ्हायचं आता बंद. समद्या बाया गोल बसणार, दोन मिनिटं मौन, मग दूध.

मुक्ताबाई : दोन मिनिटं बसायला येणारच न्हाईत बाया.

रामकिसन : कावून न्हाई येणार? दूध घालायचंय ना त्येंना?

मुक्ताबाई : तेच तर मगापासून सांगायलीय. अवो, तुमी गेलात त्याच दिवशी…

रामकिसन : थांब, थांब. ऐकून घेण्याचं सत्र मॅडमसमोर करू, फोटो चांगला येईल. तू फकस्त सर्टिफिकेट धर. तुपल्याच नावाचं हाय. मी मागं उभा ऱ्हातो. मॅडमनी विचारलं, बदल कुठं झाला, तर म्हण, माझ्या आत झाला.

मुक्ताबाई : मी तर हितंच होते.

रामकिसन : म्हण फकस्त! आन् मशीनवर फडकं कावून टाकलंय?

मुक्ताबाई : धूळ बसती.

रामकिसन : हे बेस केलंस. त्याच्यावर झेंडूचा हार टाकतो. मॅडमच्या हातानं अनावरण.

(संध्याकाळचे सव्वापाच. अंगणात चुन्याचं मोठं रिंगण. रिंगणाच्या मधोमध घरातली एकुलती खुर्ची, तिच्यावर प्रशिक्षक प्रियदर्शनी मॅडम. रिंगणात दुसरं कुणी नाही.)

प्रियदर्शनी : वर्तुळ फारच सुंदर काढलंय हं, मुक्ताजी.

मुक्ताबाई : मी न्हाई काडलं.

प्रियदर्शनी : नाही, मी ह्यांना म्हणाले. सॉरी हं, तीन दिवसांची सवय. तुम्ही ह्यांच्या मिसेस का?

रामकिसन : ह्याच मुक्ताबाई, मॅडम. चेअरमन.

प्रियदर्शनी : अय्या, हो का! छान वाटलं भेटून. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. म्हणजे तुमच्याकडून… म्हणजे ह्यांच्याकडून. खरं तर मीच खाली बसले असते तुमच्यासोबत, वर्तुळात कुणी उंच नसतं, पण गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे. भगिनी कधी येतात?

रामकिसन : पाचाला येत्यात. यायलाच लागल्यात. मौनाची तयारी करत असतील मनातल्या मनात.

प्रियदर्शनी : किती छान! तोवर मशीन बघूया? मला अहवालात 'तंत्रज्ञान आणि माणूस' असं एक पान करायचंय.

रामकिसन : बघा ना! हार तुमच्याच हातानं बाजूला करा. मुक्ता, तू सर्टिफिकेट धरून हिकडं उभी ऱ्हा. हां. ओढा फडकं, मॅडम.

प्रियदर्शनी : ओह. हे… हे पीठ आहे ना?

रामकिसन : मुक्ता, हा पिठाचा डबा हाय.

मुक्ताबाई : हाय. ज्वारीचं हाय.

रामकिसन : मशीन कुठंय?

मुक्ताबाई : वस्तीवर. अंगणवाडीच्या शेजारच्या खोलीत. काटा बी तिथंच.

रामकिसन : कुणी नेलं?

मुक्ताबाई : मी नेलं. म्हंजे बायांनी नेलं, किल्ली मी लावली. दुपारपासून तीनदा सांगायला गेले, तीनदा तुमी डोळे मिटायला लावले.

प्रियदर्शनी : एक मिनिट, एक मिनिट. म्हणजे एवढा मोठा निर्णय भगिनींनी स्वतः घेतला? कधी?

मुक्ताबाई : हे बसमधी बसले त्या दिवशी. सांच्याला दूध घ्यायला खोली उघडली. भिवराबाई आली, मोडलेला हात अजून सुजलेला, डाव्या हातात किटली. मी तिला म्हणलं, उद्यापासून तू येऊ नको, आमी येतो. तितंच समद्या जमल्या. ठराव केला, बुकात लिवला. ह्या खेपेला चहापान न्हाई लिवलं.

रामकिसन : आन् दुधाची गाडी? गाडी तर आपल्या दारात येती!

मुक्ताबाई : गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणला, वस्ती डांबरी रस्त्याला हाय, तुमच्या बोळात गाडी घालताना मपला आरसा दोनदा फुटला. दुसऱ्या दिवसापासून तिकडंच लावतो.

रामकिसन : अगं, पर मला एक शब्द इचारायचा का न्हाई? कमिटी हाय, रीत हाय…

मुक्ताबाई : कमिटीतल्या अकराच्या अकरा होत्या. तुमी कमिटीत न्हाईत.

प्रियदर्शनी : थांबा, मला हे लिहून घेऊ दे! पहिल्या दिवशी आपण 'सोडून देणं' शिकलो, आणि त्याच संध्याकाळी इथे नेतृत्वानं सत्ता सोडून दिली! रामकिसनजी, तुम्ही तिथे बसून इथे बदल घडवलात. याला म्हणतात समग्र.

रामकिसन : मी? हां… म्हंजे… आतून वाटत होतं मला कायतरी.

मुक्ताबाई : मॅडम, तुमच्याकडं हजेरीचा कागद हाय ना? बघू जरा.

प्रियदर्शनी : हजेरीचा? त्याचं काय आहे ताई, तो वर जातो. महिला उपस्थिती शंभर टक्के दाखवावी लागते, नाहीतर पुढची कार्यशाळाच मिळत नाही. मलाही ते आवडत नाही. पहिल्या वर्षी मी भांडले होते यावरून. आता नाही भांडत.

मुक्ताबाई : मी तकरार करत न्हाई. फकस्त बघते. हे मपलं नाव. तीन दिवस, तीनदा 'हजर'. बरोबर हाय, ऱ्हाऊ द्या. मी होते हजर. हितं.

प्रियदर्शनी : …हो. तेवढी एकच नोंद खरी निघाली म्हणायची.

रामकिसन : मॅडम, फोटो?

प्रियदर्शनी : फोटो वस्तीवरच काढू, उजेड आहे तोवर. मी गाडीनं रस्त्यानं पुढे होते. मुक्ताताई, चला ना माझ्यासोबत.

मुक्ताबाई : तुमी व्हा फुडं. आमची म्हैस पिळायची ऱ्हायलीय. भिवराबाईला म्हणावं, मी आलेच.

रामकिसन : गेल्या. धूळ तरी बघ गाडीची. मुक्ता, किल्ली दे हिकडं.

मुक्ताबाई : कशाला? खोलीत पिठाचा डबाच हाय. वस्तीवरच्या खोलीची किल्ली येगळी. ती पाळीनं ऱ्हाती, ह्या हप्त्यात भिवराकडं हाय.

रामकिसन : मी प्रशिक्षणातल्या त्या समद्या गड्यांला सांगून आलतो, मपल्या दारात चाळीस घरं येत्यात. आता चार महिन्यांनी हात जोडायला मी जाऊ कुठं?

मुक्ताबाई : त्येंच्या दारात जावा. लांब न्हाई. त्या बारा वरसं यायच्याच की तुमच्या.

रामकिसन : तुला वाईट न्हाई वाटलं, मला न इचारता करताना?

मुक्ताबाई : भ्या वाटलं. रातभर झोप न्हाई आली. वाईट न्हाई वाटलं. सकाळी भिवरा रस्त्यात भेटली, आन् मी पैल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं.

रामकिसन : …म्हैस पिळली का?

मुक्ताबाई : मगाच पिळली. मॅडमच्या गाडीत बसायचं नव्हतं म्हून म्हणलं तसं. ही किटली. एवढी वरसं आपलं दूध गोठ्यातून ओट्यावर जायचं, दहा पावलं.

रामकिसन : मी न्यायची?

मुक्ताबाई : मपल्या हातात सर्टिफिकेट हाय की. घ्या. झाकण घट्ट बघा. आन् वड्यात उतरताना त्या बाभळीला धरून उतरा. भिवरा तितंच घसरली होती.